हाताला लागलेले सूर्य-चंद्र

पाच तज्ज्ञांचं एकमत झालं त्या दिवशी वाशीच्या हॉटेलात नंदकुमार सरांनी दोनदा श्रीखंड मागून घेतलं. डायबेटिस असताना. वैशालीताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे आजतागायत ठाऊक नाही. पण माणूस खुशीत होता, त्याला कोण काय बोलणार? तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त होऊन नेरूळच्या फ्लॅटमध्ये झाडांना पाणी घालत बसले, आणि अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी 'समितीचे अध्यक्ष' म्हणून गाडी पाठवली. एवढ्याशा गोष्टीनं माणूस हुरळतो. सरही हुरळले.

समिती होती शेळखारच्या बांधदेवीची. करंजाडेच्या बाजूला शेळखार नावाचं आगरी गाव आहे. आहे म्हणजे, होतं म्हणा. आता तिथे अठरा-अठरा मजल्यांचे टॉवर आहेत आणि त्यांच्या मधोमध गाव अंग चोरून बसलंय. पूर्वी एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागर आणि खाडीचं पाणी अडवायला लांबलचक मातीचा बांध होता. त्या बांधाचा तुकडा अजून शिल्लक आहे. त्यावर एक बुटकी घुमटी आहे आणि घुमटीत गुडघ्याएवढा उभा दगड, शेंदरानं माखलेला. तीच बांधदेवी.

घुमटीची चावी गिरजाबाईंच्या घरी. चैत्रातल्या जत्रेआधी दगडाला तेल-शेंदूर लावायचा मानही त्यांच्याच घरच्या बायकांचा. का, तर गिरजाबाईंचं म्हणणं, ही देवी आमच्या सासूनं आणली. देवस्थानचा नवा ट्रस्ट झाला, सुभाषशेठ अध्यक्ष झाले, संगमरवरी देऊळ उभं राहिलं, तेव्हा प्रश्न आला की देवी तिकडे हलवायची तर मान कुणाचा. सुभाषशेठ गावचेच, माणूस काही वाईट नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की देवी सगळ्या गावाची, एका घराची कशी? तेव्हा तज्ज्ञांना विचारू. तज्ज्ञ सांगतील ते सगळ्यांना मान्य.

पाच तज्ज्ञ जमले. सर स्वतः, त्यांची जुनी विद्यार्थिनी ठाण्याची डॉ. ऋता, पुण्याचे एक पुरातत्त्ववाले आणि आणखी दोघे. तीन मीटिंगा मोबाईलवर झाल्या, चौथी वाशीला, श्रीखंडाची. अहवालात लिहिलं गेलं की शिळा बाराव्या शतकातली आहे, शिलाहार राजाच्या दानाची खूण आहे, आणि वरच्या भागात सूर्य-चंद्र कोरलेले आहेत. दान सूर्य-चंद्र असेतोवर टिकावं म्हणून तशी चित्रं कोरण्याची पद्धत होती. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं, 'याबाबत सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे.' म्हणजे देवी आठशे वर्षांपूर्वीची, राजानं बसवलेली. मग गिरजाबाईंच्या सासूचा प्रश्नच मिटला. ट्रस्टनं गिरजाबाईंना चावी जमा करायला सांगितलं आणि चैत्रातल्या तिसऱ्या रविवारचा मुहूर्त काढला. त्या दिवशी शेंदूर खरवडून सूर्य-चंद्र लोकांना दाखवायचे, शिळा नव्या देवळात न्यायची, आणि भाषण नंदकुमार सरांचं.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी सरांच्या दारावरची बेल वाजली.

दारात एक सहावार नेसलेली म्हातारी आणि तिच्याबरोबर खांद्याला सॅक लावलेली मुलगी. मुलगी म्हणाली, "सर, मी ज्ञानेश्वरी. शेळखारहून आलोय. ही माझी आजी, गिरजाबाई." सरांना दार लावून घ्यावंसं वाटलं. पण घरी आलेल्या माणसाला बसा म्हणावं लागतं. गिरजाबाई सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या. वैशालीताईंनी पाणी आणलं, चहा ठेवला आणि आपणही तिथेच बसल्या. कारण घरात कोण कशाला आलंय हे त्यांना कळायला हवं असतं.

ज्ञानेश्वरी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिनं अहवालाची झेरॉक्स काढली. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"सर, शेवटी पुस्तकांची यादी आहे ना, ती सगळी पुस्तकं मी शोधून वाचली. लायब्ररीत तीन आठवडे जात होते."

"चांगलं आहे," सर म्हणाले. आवाज मास्तरकीचा होता. "हल्ली मुलं एवढं करत नाहीत."

"ऋता मॅडमनी लिहिलंय शिळेवर सूर्य-चंद्र आहेत. त्यांनी दाखला दिलाय पुण्याच्या सरांचा. पुण्याच्या सरांनी दिलाय एका जुन्या गॅझेटिअरसारख्या पुस्तकाचा. त्या पुस्तकानं दिलाय तुमच्या प्रबंधाचा. बाकीच्या दोघांनी सरळ तुमचाच दिलाय." तिनं पान उलटलं. "सर, मी तज्ज्ञांच्या विरोधात नाय. पाच जणांनी पाच वेळा जाऊन बघितलं असतं आणि एकच सांगितलं असतं ना, तर मीच आजीला घरी गप्प केलं असतं. पण इथे पाच जण नाहीतच. एकटे तुम्हीच आहात."

वैशालीताईंनी कप खाली ठेवला. सर हसले. हे हसणं ते वर्गात अवघड प्रश्न आला की वापरत.

"मी स्वतः तपासली आहे ती शिळा. एकोणनव्वद साली. प्रबंधात स्पष्ट लिहिलंय."

"हो सर." ज्ञानेश्वरीनं कागद वर धरला आणि वाचलं, "'शेंदराच्या जाड थरामुळे कोरीव काम डोळ्यांना दिसत नाही. परंतु हात फिरवला असता वरच्या भागात सूर्य-चंद्र स्पष्टपणे हाताला लागतात.'"

गिरजाबाई इतका वेळ सरांच्या हातांकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमी हात लावलात?"

"हो. म्हणजे लावल्याशिवाय कसं लिहीन?"

"तुमच्या हातानं?"

"हो बाई, माझ्याच हातानं."

गिरजाबाईंनी मान हलवली. बोलायला तोंड उघडलं. मग वैशालीताईंकडे बघितलं, त्यांच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोंकडे, आणि म्हणाल्या, "बरं."

ज्ञानेश्वरी चिडली. "आजी, सांग ना."

"चल, उशीर व्हतंय."

आणि आता सर काय बोलले ते ऐका. गप्प बसायला हवं होतं, चहा घ्या म्हणायला हवं होतं. सर म्हणाले, "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतिहास असा घरगुती आठवणींवर लिहिता येत नाही. त्याला पुरावा लागतो."

"लागत असंल," गिरजाबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

लिफ्टपाशी ज्ञानेश्वरी थांबली. आजी लिफ्टमध्ये शिरली तशी मागे वळून म्हणाली, "सर, त्या दगडाला पुरुषाचा हात लागत नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा. माझ्या आजोबांनी पण कधी लावला नाही. घरच्या बायका लावतात, दुसरं कुणी नाही." दार बंद झालं.

वैशालीताईंनी कप गोळा केले. आत जाताजाता एवढंच विचारलं, "लावला होतात का हो हात?"

"अगं, पस्तीस वर्षं झाली त्याला," सर म्हणाले. हे उत्तर नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

दुपारी वैशालीताई झोपल्यावर सरांनी स्टूल घेतलं आणि माळ्यावरची ट्रंक उतरवली. जुन्या वह्या होत्या. खाकी कव्हरच्या, वर साल घातलेलं. सरांना वही सापडू नये असं मनापासून वाटत होतं, आणि वरून दुसरीच वही नेमकी ती निघाली. सवयीनं सगळं नीट लावून ठेवणारा माणूस, तिथेच फसला.

पान असं होतं. 'शेळखार, ११ मार्च. बांधावरचा दगड. एका वृद्ध स्थानिक स्त्रीची मुलाखत. तिच्या सांगण्यानुसार, ती लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या वर्षी उधाणात बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरू लागलं. पुरुष मिठागरावर अडकलेले. ती आणि तिची जाऊ यांनी मिठागराच्या हद्दीचा दगड उपटून, बांबूला बांधून आणला व खांडीत घातला. त्यावर गावच्या बायकांनी माती टाकली. बांध राहिला. तेव्हापासून दगडाला देवी मानतात. दगड बायकांनी आणला म्हणून पुरुषांनी शिवायचा नाही. लांबून पाहिला. शेंदूर फार, काही दिसत नाही. दुपारी तिच्याकडे तांदळाची भाकरी व सुकट. उत्तम.'

सरांनी पान दोनदा वाचलं आणि वही मिटली. मग सगळंच आठवलं. शेणानं सारवलेली ओटी आठवली. म्हातारी सांगताना हातानं बांबू खांद्यावर घेऊन दाखवत होती ते आठवलं. नेरूळच्या खोलीवर परत आल्यावर टेबलावर पसरलेला नकाशा आठवला. शिलाहारांच्या दानशिळा कुठेकुठे मिळाल्या त्याची लाल टिंबं त्यावर होती. खाडीच्या उत्तरेला टिंबंच टिंबं, दक्षिणेला त्या पट्ट्यात एकही नाही. मार्गदर्शक म्हणाले होते, नंदकुमार, या बाजूला एखादी शिळा मिळाली तर तुमचा सिद्धांत पक्का. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते आणि परत गावात जायचा कंटाळा होता. त्यांनी लाल पेन घेतलं, एक टिंब दिलं आणि टिंबाला पुरावा हवा म्हणून ते हात फिरवल्याचं वाक्य लिहिलं. हातानं चाचपून पाहिलं म्हटलं की फोटोही लागत नाही. कुणाच्या पोटावर पाय येतोय असं तेव्हा वाटलं नव्हतं. एका टिंबानं काय होतंय!

नंतर ते वाक्य दुसऱ्यांच्या पुस्तकांत दिसू लागलं. दर वेळी सरांना आधी भीती वाटे, मग बरं वाटे. आणि पुढे पुढे, खरं सांगायचं तर, त्यांनाही वाटू लागलं की आपण हात लावला होता. बोटांना गोल आणि कोर लागल्याचं आठवूही लागलं. एवढ्या जाणत्या माणसांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांनी स्वतःच्या खोट्याबद्दल मानलं. आता ते स्टुलावर बसून होते आणि मान वर करायची लाज वाटत होती. घरात बघायला कुणी नव्हतं, तरी.

बुधवारी त्यांनी ऋताला फोन केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"सर, माझ्या पीएचडीचं अख्खं प्रकरण त्या शिळेवर आहे."

"तू स्वतः पाहिली होतीस का?"

"तुम्ही पाहिली होती ना," ऋता म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मग म्हणाली, "मी या फोनबद्दल कुणाला सांगणार नाही, सर. तुम्हीही सांगू नका."

पुण्याच्या पुरातत्त्ववाल्यांनी तर सरांनाच समजावलं. "नंदकुमारजी, तेव्हा तुम्ही तरुण होता. आज अडुसष्टाव्या वर्षी आठवण दगा देते. मी छापील मजकूर प्रमाण मानतो."

"अहो, पण तो छापील मजकूर मीच लिहिलाय. खोटा आहे म्हणून मीच सांगतोय."

"असं एकट्यानं म्हणून चालत नाही. चौघांचं मत वेगळं आहे."

"चौघांचं मत माझंच आहे हो," सर म्हणाले. पण फोन ठेवला गेला होता. चौथ्यानं विचार करून कळवतो म्हणून सांगितलं, पाचव्यानं फोन उचलला नाही. सरांनी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं की एकमत झालं तर ते मोडायला भक्कम पुरावा लागतो. तो पुरावा हातात खाकी कव्हरात होता आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं.

सुभाषशेठकडेही गेले. शेठनी थंड ताक पाजलं, नीट ऐकून घेतलं. "सर, तुमी टेन्शन घेऊ नका. पत्रिका वाटून झाल्यात. आठशे वर्षं लिहिलंय पत्रिकेवर. तुमी फक्त या, दोन शब्द बोला." आणि दारापर्यंत सोडायला आले.

रविवारी सकाळी मांडव भरला होता. टॉवरमधली माणसं खुर्च्यांवर, गावातली सतरंजीवर. घुमटीसमोर मुंबईहून आलेला एक माणूस हातमोजे घालून, ब्रश आणि पातळ पात्यांची पेटी उघडून तयार होता. सरांनी गिरजाबाईंना शोधलं. त्या बायकांच्या अगदी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर तेलाची वाटी आणि शेंदराची पुडी होती. दर वर्षीप्रमाणे घेऊन आल्या होत्या, लावायला मिळणार नाही हे ठाऊक असून.

सरांचं नाव पुकारलं. आता हा माणूस भित्रा, हे मी सांगितलंच नाही तुम्हाला. पायऱ्या चढताना त्यांच्या मनात आलं की दोन शब्द शुभेच्छांचे बोलावेत आणि घरी जावं. वही खांद्याच्या पिशवीतच राहिली असती तर कुणाला काय कळणार होतं? पहिल्या रांगेत ऋता बसली होती, तीही डोळ्यांनी तेच सांगत होती. पण समोर ती तेलाची वाटी दिसत होती. सरांनी वही काढली.

त्यांनी पान वाचून दाखवलं. सगळं, भाकरी-सुकटीसकट. मग म्हणाले, "मी या शिळेला हात लावला नव्हता. लावला असं खोटं लिहिलं. बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तेच पुढे लिहिलं. आठशे वर्षं वगैरे काही नाही. म्हणजे मला माहीत नाही. जी बाई मला माहिती सांगत होती, तिला माहीत होतं." एवढं बोलून त्यांनी नमस्कार केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं की वाजवतात, तशा. खुर्च्यांवरच्या निम्म्यांना काही कळलं नव्हतं. सरांना त्या टाळ्या गालावर बसल्यासारख्या वाटल्या. सुभाषशेठनी माइक घेतला. "बघा, एवढा मोठा माणूस, पण किती नम्र. आपली लोककथा पण त्यांनी जपून ठेवली. बाकीचे चार तज्ज्ञ आपल्याबरोबर आहेतच. तर आता आपण शेंदूर उतरवायला सुरुवात करू."

हातमोजेवाला वाकला. तेवढ्यात सतरंजीवरून एक जाडजूड म्हातारी उठली. सुभाषशेठचीच आई. कमरेवर हात ठेवून ती घुमटीपाशी गेली आणि दारात बसकण मारली.

"आई, बाजूला हो."

"का म्हून? मास्तर काय बोलला तं ऐकलास ना? बाप्याचा हात लागाचा नाय. मना माज्या सासूनं पन हेच सांगितलंय. इतके दिवस तुमी शिकलेली मानसं बोलत व्हता, मना वाटलं आमचंच चुकलं असंल." तिनं मागे वळून हाक मारली, "गिरजे, ये गो. वाटी आन."

चार बायका उठल्या, मग दहा-बारा उठल्या. सुभाषशेठ आईला काय बोलणार? त्यांनी माइकवर जाहीर केलं की गावाच्या भावनांचा मान राखून आजचं काम थांबवत आहोत, यासाठी नवी तज्ज्ञ समिती नेमू, आणि तोवर चावी गिरजाबाईंच्याच घरी राहील. सरांना कळलं की ते नवे पाच जण कामाला बसतील तेव्हा आधी एक जुना प्रबंध उघडतील. तो छापील आहे, लायब्ररीत आहे. आजचं भाषण कुठल्याच कपाटात नाही.

मांडव रिकामा झाल्यावर सर गिरजाबाईंच्या घरी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. जुन्या ओटीला आता फरशी होती. गिरजाबाईंच्या बोटांना अजून शेंदूर होता. त्यांनी बसायला पाट दिला आणि ज्ञानेश्वरीला पाणी आणायला सांगितलं.

"मंगळवारी तुम्ही माझ्या घरी आलात," सर म्हणाले, "तेव्हा का नाही बोललात? मी खोटं बोलतोय हे तुम्हाला कळलं होतं."

"कललं व्हतं ना."

"मग?"

"तुमची बायको बसली व्हती समोर," गिरजाबाई म्हणाल्या. "तिच्या देखत कसं बोलाचं? चहा केलान तिनं आमच्यासाठी."

सरांनी खाली बघितलं. एवढ्या वर्षांत कुणी त्यांची लाज राखली असेल तर ती या बाईनं, आणि तिलाच ते पुरावा शिकवत होते. त्यांनी वही पुढे केली. "ही तुमच्याकडे ठेवा. नव्या समितीला दाखवा. अस्सल आहे, तेव्हाची आहे."

गिरजाबाईंनी वही घेतली नाही. हात पदराला पुसत राहिल्या. "तुमी आला व्हता तवा मी हितंच व्हती. पोरं ल्हान व्हती. तुमाला पानी मीच दिलं. तुमी लिवत व्हता आनि सासू सांगत व्हती. किती खूश व्हती ती. पुढं मरेपरत सांगाची, गिरजे, आता फिकीर नाय. मास्तर येऊन गेलाय, त्यानं सगलं लिवून नेलंय. आता आपल्याला कोन खोटं पाडनार नाय."

सरांनी चष्मा काढला आणि हातातच धरला. पाणी घेऊन आलेली ज्ञानेश्वरीही तशीच उभी राहिली.

"यात तिचं नाव हाय ना?" गिरजाबाईंनी विचारलं. "माज्या सासूचं?"

ज्ञानेश्वरीनं वही घेतली, पान काढलं, बोट ठेवून वाचलं. मग सरांकडे बघितलं. "एक वृद्ध स्थानिक स्त्री," ती म्हणाली. "एवढंच आहे, आजी."

भाकरी खाल्ली, सुकट खाल्ली, उत्तम म्हणून लिहूनही ठेवलं. नाव विचारलं नव्हतं.

"काय नाव त्यांचं?" सरांनी विचारलं.

"मुक्ताबाई."

सरांनी खिशातलं पेन काढलं, वही मांडीवर ओढली आणि त्या ओळीच्या वर, जिथे थोडी जागा होती तिथे, 'मु' लिहायला घेतला. गिरजाबाईंनी शेंदराचा हात पानावर आडवा धरला. पानाला लागू नये इतका वर धरला.

"त्याच्यात नको, सर. आता लिवलात तं लोक बोलतील, मागून घुसवलंय. जुनं हाय तसं र्‍हाऊ द्या."

सरांचं पेन तिथेच थांबलं. हेच ते पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवत असत.

"ज्ञानू, तुज्या वहीतला कागद दे," गिरजाबाई म्हणाल्या. "नव्या कागदावर लिवा. आजची तारीख घाला. खाली तुमचं नाव घाला. आनि तवा का नाय लिवलं, तं पन लिवा."

ज्ञानेश्वरीनं कागद फाडून दिला. सरांनी वर शेळखार लिहिलं, तारीख घातली, मग मुक्ताबाईंचं नाव नीट, सुट्ट्या अक्षरात लिहिलं. पुढचं वाक्य 'मी'पासून सुरू करायचं होतं. ते लिहायला त्यांना फार वेळ लागला, आणि दोघी आजी-नात समोर बसून राहिल्या.